खांबच्या पोपटीची मोहीम आणि रविवारचा तह

श्रीगणराय समर्थ. रोहे मुक्कामी तीन मजली इमारतीतील समस्त लेकुरवाळ्या बायांनी, जिन्यात उभे राहोन, एके हाती दुधाची पिशवी व दुसरे काखेस पोर धरोन पुसिले जे, तिसरे मजल्यावरील मनालीबाई दर रविवारी तिसरे प्रहरी पोरावाचून कोठे जातात आणि हसत परत येतात, हा अधिकार त्यांस कोणी दिला की लढोन मिळविला, ते साद्यंत कळवावे. त्यावरोन जैसे घडले तैसे लिहिले असे. पदरचे काही घातले नाही. घातले असल्यास पोपटीत मीठ-ओवा घालितात तितकेच.

तरी प्रथम बाईसाहेबांचा वृत्तांत. मनालीबाईसाहेब म्हणजे पेणच्या लेक, रोह्याच्या सून, रसायनशास्त्रात पदवीधर, बुद्धी तल्लख, नजर घारीची आणि जीव सदा टांगणीस. चिरंजीव ऋत्विकराजे जन्मास आले आणि बाईसाहेबांची झोप दौलतीबाहेर जाहली. राजे खोकले तर का खोकले, न खोकले तर का न खोकले, ऐसी अहोरात्र मसलत. घरातील टेबलाचे कोपरे स्पंजाने मढविले, नळास फडके बांधिले, आणि खुद्द देवघरातील समईही कपाटावर चढविली, म्हणोन सासूबाई चंद्रावतीबाईसाहेब स्टुलावर चढोन सांजवात करू लागल्या.

चहाची तो गत ऐसी जे, चहा कपात ओतावा आणि राजांनी पुकार करावा, मग राजांची समजूत काढोन यावे तो चहावर साय धरावी, मग तो पुन्हा गरम करावा आणि पुन्हा पुकार व्हावा, आणि अखेर तो कढा मोरीत जावा. मोरीतही सुटका नाही. दार लाविताच राजांनी बाहेरोन वेढा घालावा, आणि फटीतून चिमुकली बोटे आत सारोन, "आई, काय कत्ते?" ऐसा जबाब मागावा. मोबाईलातील पंडित उपदेश करीत जे स्वतःसाठी वेळ काढावा, दीर्घ श्वास घ्यावा. बाईसाहेब तो उपदेश एका हाते वाचीत, कारण दुसरे हातावर राजे निजलेले. आणि दीर्घ श्वास घेऊ जाता राजे जागे होतील, या भयाने तोही अर्धाच घेत.

ऐसे चालिले असता एके सकाळी दूध उतू गेले आणि बाईसाहेब ओट्याखाली फतकल घालोन रडू लागल्या. पतिराज सुजयराव, कंपनीचे रात्रपाळीचे सरदार, त्याच वेळी शिफ्ट करोन दारात पावले. बूट न काढिताच धावले आणि म्हणाले, "अगं, अर्ध्या लिटर दुधासाठी एवढी?"

"दूध नाय रे," बाईसाहेब पदराने नाक पुसोन वदल्या, "मीच उतू चाललेय."

हे वचन ऐकोन सरदार गंभीर जाहले. ओटा स्वयें पुसिला, वाईट पुसिला, परंतु पुसिला.

त्याच सुमारास नदीपार अष्टमी गावाहून डेबोराबाईंचा खलिता मोबाईलावर दाखल जाहला. या डेबोराबाई म्हणजे बाईसाहेबांच्या कॉलेजापासोनच्या मैत्रीण. त्यांचा कबिला बहुतेक समुद्रापार इस्राएल देशी गेला; या आणि त्यांची आई मात्र अष्टमीस ठाण मांडोन. खलित्यात मजकूर जे, खांब गावी आपल्या मैत्रीण सरूच्या शेतावर बायकांची पोपटी लावणे आहे, शनिवारी आमचा यहुद्यांचा शब्बाथ, घरी विस्तव पेटत नाही तरी रविवार मुक्रर केला, सरूचे मडके व पेंढा, माझी अंडी, तुझे वाल. पोरे घरी ठेवोन यावे, न आल्यास मैत्री बरखास्त.

परमुलखीच्या वाचकांस्तव लिहितो जे, पोपटी म्हणजे हिवाळ्यात मडक्यास आतून भांबुर्ड्याचा पाला लावावा, आत वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे मीठ-ओवा लावोन भरावे, तोंडास पाल्याचा बोळा घालोन मडके शेतात उपडे मारावे आणि भोवती जाळ करावा. पाण्याचा थेंब आत घालणे नाही. चाल ऐसी जे, शेंगा निवडणे, धुणे, मीठ चोळणे हे बायकांनी घरी करावे, आणि जाळ घालणे, भोवती बसोन गप्पा मारणे व "आम्ही पोपटी केली" म्हणोन मिशीस ताव देणे हे पुरुषांनी शेतावर करावे. बायकांनी बायकांकरिता पोपटी लावावी ही गोष्ट चंद्रावतीबाईसाहेबांचे कानी नवीच पडली, आणि त्या नुसत्या "हं" म्हणाल्या. त्या "हं"चा अर्थ लाविता बाईसाहेबांची दोन जेवणे गेली.

सुजयराव म्हणाले, "जा ना बिनधास्त. मी हाय."

"तू आहेस तीच तर चिंता आहे."

मग घरात तहाची बोलणी लागली. मागे पेणेस चुलतभाऊ हर्षदचे लग्नास बाईसाहेब एकट्याच गेल्या होत्या, तेव्हा सरदारांनी राजांस थापटोन निजवावे आणि बाईसाहेबांनी फोन करोन "निजला का?" म्हणोन जागे करावे, ऐसी चकमक वऱ्हाड परते तो चालिली होती. ते स्मरोन सरदारांनी कलम घातले जे, बाईसाहेबांनी उंबरा ओलांडिल्यापासोन दिवेलागणीस परत येईतो कोणीही कोणास फोन करू नये. कलम पाळिल्यास दर रविवारचा तिसरा प्रहर बाईसाहेबांस इनाम. मोडिल्यास रविवार जप्त, आणि राजे शाळेत जाईतो पुन्हा विषय काढणे नाही. दोघांनी देवापुढे सुपारी ठेविली. ती राजांनी तत्काळ उचलोन तोंडात घातली, ती काढिता काढिता तह पुरा जाहला.

रविवारी कूच. पेणेहून बाईसाहेबांचे वडिलांनी वालाच्या शेंगा धाडिल्या होत्या, त्या पिशवीत भरिल्या. आणि सरदारांची शोधाशोध न व्हावी म्हणोन राजांची समग्र रसद दुसरे पिशवीत भरिली: मऊभाताचा डबा, केळी, उकडावयाची रताळी, लंगोट, पावडर, आणि कापडाचा हत्ती नामे भोपू, ज्याची सोंड तोंडात घेतल्याविना राजे निजत नसत. आता दैवगती पाहावी. हर्षदचे लग्नात परतीचा आहेर म्हणोन गणपतीचे चित्र छापलेल्या कापडी पिशव्या वाटिल्या होत्या, आणि पेण-रोहे प्रांती ऐसे एक घर नाही जेथे एकाच लग्नाच्या दोन पिशव्या एकाच खुंटीस नाहीत. खाली डेबोराबाईंची स्कूटर कर्णे वाजवू लागली, राजांनी पायांस मिठी घातली, बाईसाहेबांचे डोळे भरले, आणि भरल्या डोळ्यांनी खुंटीवरची पिशवी ओढोन त्या जिना उतरल्या. मागोन राजांचा आकांत दुसरे मजल्यापर्यंत आला, आणि तळमजल्यावर एकाएकी थांबला. थांबला म्हणोन अधिकच धाकधूक जाहली.

कोलाडावरोन खांबापर्यंत धुळीचे लोट आणि ट्रकांची दाटी. डेबोराबाई मागे न पाहता म्हणाल्या, "गो, माझी बरगडी सोड. तुझं पोर नाय ती."

शेतावर सरूबाईंनी जागा सारवोन ठेविली होती. सरूबाई पिढीजात भातवाल्यांची लेक, आवाज ऐसा जे बांधापलीकडील म्हैस वळोन पाही. भांबुर्डा बांधावर माजलाच होता. तो खुडिला, मडके सजविले, आणि "आण गो शेंगा," ऐसी आज्ञा होताच बाईसाहेबांनी पिशवी उपडी केली.

तो काय! लंगोट पडले, पावडर पडली, मऊभाताचा डबा पडला, आणि सर्वांवर सोंड उंचावोन भोपू हत्ती पडला.

मग सरूबाई म्हणाल्या, "ह्ये मडक्यात घालायचं?" आणि डेबोराबाई पेंढ्यावर लोळोन हसू लागल्या. बाईसाहेब मात्र पांढऱ्याफटक. भोपू येथे, म्हणजे राजे निजणार नाहीत. लंगोट येथे, म्हणजे घरी जलप्रलय. आणि सरदारांपाशी काय, तर कच्च्या शेंगा! हात आपसूक फोनावर गेला. सरदारांचे नाव उघडिले. अंगठा हिरव्या खुणेवर अधांतरी राहिला, आणि त्या अंगठ्याखाली वर्षावर्षांचे रविवार थरथरू लागले.

"कर फोन," डेबोराबाई हसू आवरोन वदल्या. "मी नाय अडवत. पण त्याने नाय केला हां अजून. त्याच्याकडे तर लंगोट पण नायत."

हा मुद्दा बिनतोड होता. सुजयरावांनी केव्हाच पिशवी उघडिली असावी आणि काय ते पाहिले असावे; तरी त्यांचा फोन नाही. म्हणजे सरदार लढत होते. आता आपण फोन करणे म्हणजे लढत्या शिपायाचे हातची ढाल काढोन घेणे. बाईसाहेबांनी अंगठा मागे घेतला, फोन स्कूटरीचे डिकीत कोंडिला आणि किल्ली डेबोराबाईंचे हवाली केली. मग परत मागितली. मग परत दिली.

आता शेंगांची तजवीज काय? सरूचे शेतातील वाल उशिरा पेरलेले, अद्याप फुलावर. वालाविना पोपटी म्हणजे नवरदेवाविना वरात. परंतु माघार घेणे नाही म्हणोन अंडी घातली, बटाटे घातले, राजांची रताळी घातली, आणि डेबोराबाईंनी हट्टाने केळीही सालासकट आत दडपली. मडके उपडे पडले, पेंढा रचिला, काडी लाविली. सरूबाईंनी फर्माविले जे, जाळ एके बाजूस बसता कामा नये, तरी जिची नजर हलत नाही तिने राखण करावी. आणि दोघींनी एकदम मनालीबाईंकडे बोट केले.

आणि काय सांगावे! जी नजर दोन वर्षे एका पोरावर होती ती मडक्यावर पडली. वारा खाडीकडोन की डोंगराकडोन, पेंढा कोठे विझतो, ज्वाळा कोठे मातते, बाईसाहेबांनी काठी घेऊन ऐसा बंदोबस्त केला जे, सरूबाईंनी तोंडात बोट घातले. मग धुराने डोळे चुरचुरले, मग डेबोराबाईंनी कॉलेजातील प्रयोगशाळेचे गाऱ्हाणे काढिले, जेव्हा बाईसाहेबांनी परीक्षानळी फोडोन सरांच्याच माथी आळ घातला होता, मग तिघी ऐशा हसल्या जे बांधापलीकडील म्हैस उठोन दूर गेली. सरूबाईंनी मडक्यावर पाणी शिंपडिले, ते चर्र करोन उडाले, पोपटी शिजली. मडके फोडिले. रताळी मधासारखी उतरली, अंड्यांस भांबुर्ड्याचा वास, केळ्यांचे मात्र जे जाहले ते इतिहासाने झाकोन ठेवावे. आणि बोटे चाटिता चाटिता बाईसाहेब मध्येच दचकल्या.

"काय गो?"

"मी विसरले होते," बाईसाहेब हळू म्हणाल्या. "ऋत्विकला. मघापासून. पूर्ण विसरले होते."

त्यांस वाटले आता रडू येईल. वाट पाहिली. आले नाही. आली ती मोठी ढेकर, आणि तिच्यामागोन एक दीर्घ श्वास, अर्धा नव्हे, पुरता.

दिवेलागणीस खासा स्वारी रोह्यास परतली. जिना चढिता घरातून आवाज नाही. उरल्या पायऱ्या दोन-दोन करोन चढिल्या. दार लोटिले तो, जमिनीवर टरफलांचा खच, वालाचे दाणे सरदारांचे बुटांत, हेल्मेटात, रिमोटाचे पोटात. सोफ्यावर सुजयराव हातपाय टाकोन पडलेले. त्यांचे छातीवर ऋत्विकराजे निजलेले, कमरेस सासूबाईंचे जुन्या लुगड्याचा फाडलेला पट्टा, आणि तोंडात सोंडेऐवजी एक वालाची शेंग.

सरदार कुजबुजले, "शेंगा सोलायला दिल्या त्याला. भोपूचं नाव पण नाय काढलं गं." मग फुशारकीने म्हणाले, "फोन नाय केला मी."

"मी पण नाय केला."

राजांस भोपूविना निजता येते, म्हणजे कदाचित आईविनाही थोडे येते, हे वर्तमान बाईसाहेबांचे उरात एका बाजूस टोचले आणि दुसऱ्या बाजूस तेथेच पिसासारखे हलके जाहले. त्यांनी भोपू राजांचे कुशीत ठेविला. राजांनी झोपेतच तो दूर सारिला.

तो स्वयंपाकघरातून चंद्रावतीबाईसाहेब कप घेऊन बाहेर आल्या. सोललेल्या वालाचा भात शेगडीवर रटरटत होता. त्यांनी चहा पुढे केला, सुनेचे केसांतील पेंढ्याची काडी काढिली, हुंगिली, आणि पुसिले, "वाल शिजले होते का गो नीट?"

"वाल इथेच राहिले ना, आई. रताळ्यांची केली."

"रताळ्यांची!" सासूबाई हसता हसता भिंतीस टेकल्या. मग थांबोन म्हणाल्या, "जन्मभर शेंगा धुवून दिल्या मी. मडकं जळताना कधी बघितलं नाय. पुढच्या रविवारी मी पण येतंय. पोराला त्याचा बाप बघंल."

त्या "हं"चा अर्थ तेव्हा लागला.

सुजयरावांनी डोळे न उघडिताच मान हलविली, कारण छातीवर राजे, हलता येईना. तीच संमती धरली गेली. येणेप्रमाणे दर रविवारचा तिसरा प्रहर मनालीबाईसाहेबांस इनाम जाहला, आणि चंद्रावतीबाईसाहेबांस त्यात निम्मी वाटणी पावली. बाईसाहेब टरफलांतच मांडी घालोन बसल्या आणि कपास ओठ लाविले. जीभ पोळली. तरी कोणी पुकार केला नाही, आणि चहा तळापर्यंत, वाफेसकट, एकाच बैठकीत प्राशन जाहला. ऐसी फत्ते जाहली. त्याची साक्ष रिकामा कप, जो त्या रात्री ओट्यावर तैसाच राहिला, कोणी विसळला नाही.