कुंटेकाकांचा डावा ब्रेक

आमच्या शेजारचे कुंटेकाका गाडी सुरू करण्याआधी विचारतात, "बसलीस?"

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? ऐका तर खरं. गाडी म्हणजे भलीथोरली मिनीव्हॅन. शेजारच्या सीटवर सुधाकाकू बेल्ट लावून, पर्स मांडीवर घेऊन ढळढळीत दिसत असतात. काकांची नजर समोर. "बसलीस?" काकूंनी "बसले" म्हटल्याशिवाय किल्ली फिरत नाही. काका एकटे असले तरी विचारतात. मग जरा थांबतात, आणि निघतात.

एकदा बर्फात माझी गाडी रुतली. मला शिकागोची सकाळची ट्रेन गाठायची होती, म्हणून काका मला नेपरव्हिल स्टेशनवर सोडायला तयार झाले. मी शेजारी बसले, दार लावलं, बेल्ट लावला. काका म्हणाले, "बसलीस?" मी मान हलवली. गाडी जागची हलेना. मला वाटलं, बॅटरीनं दगा दिला. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाले, "तू सांगितलं नाहीस ना, बसलीस का ते." ट्रेन गेली. दुसरी येईपर्यंत स्टेशनच्या पार्किंगमध्ये त्यांनी मला मिक्सर दुरुस्त कसा करायचा ते सांगितलं.

या प्रश्नाचा उगम सगळ्या नेपरव्हिलला माहीत आहे, कारण काका तो दर गणपतीत, प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या दर पॉटलक जेवणाला सांगतात. काका मूळचे सांगलीचे. नवं लग्न, आणि नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर मिळालेली नवी स्कूटर. दोघं मिरजेला, काकूंच्या माहेरी निघाले. वाटेत पेट्रोल भरायला थांबले. तेव्हाच्या स्कूटरची टाकी सीटखाली, म्हणजे पंपावर दोघांनीही उतरायचं. टाकी भरली. काकांनी स्कूटर एका अंगाला कलती केली, सरळ केली, किक मारली आणि निघाले. बोलत बोलत. सासूबाईंचा स्वभाव किती हेकट, हा विषय होता. मागून एकदाही विरोध झाला नाही, तेव्हाच शंका यायला हवी होती, असं काका म्हणतात. मिरजेत दारात स्कूटर उभी करून "उतर आता" म्हणाले, तर सासूबाई बाहेर येऊन विचारतात, "जावईबापू, सुधा कुठंय?"

इथं लोक पोट धरधरून हसतात. हसू ओसरलं की काका हात जोडून म्हणतात, "तेव्हापासून ही जगदंबा माझ्या मागे बसली नाही ती नाहीच." काकू शांतपणे पुढच्या पानावर मसालेभात वाढत असतात.

दोन हजार पाच साली मी आणि माझा नवरा आशिष इटलीला जायचं ठरवत होतो. लग्नाचा पाचवा वाढदिवस, दोघंच जाऊ, असा आमचा बापडा विचार. काकांना कसा वास लागला कोण जाणे. संध्याकाळी दारात हजर. "इटलीला चाललात? म्हणजे स्कूटरच्या माहेरी! आमचीही तिकिटं काढ रे, आशिष." आशिषला नाही म्हणता येत नाही. तो क्रेडिट कार्डवाल्यांचा फोनसुद्धा आधी ठेवत नाही. आमचा रोमान्स तिथंच आटोपला.

मग तयारी सुरू झाली. इटलीत स्कूटर भाड्यानं घ्यायची तर लायसन्सवर तशी नोंद हवी, म्हणून काका कम्युनिटी कॉलेजात मोटरसायकल शिकायला गेले. वर्गात सगळे दाढीवाले, अंगभर गोंदलेले, कातडी जाकीट घातलेले बाप्ये. त्यांच्यात आमचे काका, स्वेटर आणि माकडटोपीवर हेल्मेट. पहिल्याच दिवशी त्यांनी मोटरसायकल एका अंगाला कलती केली. ती काय आपली स्कूटर आहे? काकांसकट आडवी झाली. चार दाढीवाल्यांनी दोघांना उचललं. पुढच्या वेळी काकांनी त्यांना बेसनाचे लाडू नेले. परीक्षेनंतर त्यातले दोघं मोटरसायकली घेऊन काकांकडे जेवायला आले, तेव्हा समोरच्या म्हातारीनं पोलिसांना फोन केला होता.

घरी गराजमध्ये वेगळीच तालीम. दोन खुर्च्या एकामागे एक मांडलेल्या. पुढच्या खुर्चीवर हेल्मेट घालून काका. डावी मूठ दाबायची, गिअर टाकायचा, मूठ सोडायची. मागची खुर्ची रिकामी. मी मीठ मागायला गेले होते, ते तशीच परत आले. नंतर काकूंना हळूच विचारलं, तुम्ही बसणार का हो रोममध्ये? म्हणाल्या, "बघू. त्यांच्या मनात काय आहे ते."

मला आपली काकांचीच दया आली. किती वर्षं रागावायचं माणसानं! एक फेरी मारली असती तर काय अंगाला भोकं पडणार होती?

रोममध्ये स्कूटरचं दुकान एका चौकात होतं. दुकानदारीण तरणीताठी, तोंडात सिगारेट, बोलणं फटाफट. काकांनी तिची चकचकीत लाल स्कूटर हातात घेतली आणि पहिल्याप्रथम काय केलं असेल? एका अंगाला कलती केली. बाई किंचाळत धावली. तिला वाटलं, म्हातारा गाडी पाडतोय. दोघं दोन्ही बाजूंनी स्कूटर ओढताहेत, आणि काका तिला मराठीतून समजावताहेत की असं केल्याशिवाय पेट्रोल उतरत नाही. शेवटी तिनं बटण दाबून दाखवलं. स्कूटर सुरू झाली. "किक कुठंय?" काकांचा चेहरा एवढुस्सा झाला.

गिअरही नाहीत, डावीकडे आहे तो ब्रेक आहे, क्लच नव्हे, हे तिनं मोडक्या इंग्रजीत सांगितलं. आशिषनं मराठीत सांगितलं. काकांनी दोन्ही वेळा मान डोलावली.

आणि निघाले. जरा वेग आला की सवयीनं डावा हात दाबायचा, दुसरा गिअर टाकायला. की स्कूटर खाडकन थांबायची आणि काका नाकावर आपटता आपटता राहायचे. पुन्हा निघायचे, पुन्हा दाबायचे. मागून टॅक्सीवाले, बसवाले, स्कूटरवरच्या मुली, सगळ्यांनी हॉर्नचा असा गदारोळ केला की विचारू नका. अमेरिकेत कुणी हॉर्न दिला की काका दिवसभर खट्टू असतात. इथं मात्र त्यांची कळी खुलली. एक फेरी मारून आमच्याजवळून जाताना ओरडले, "अगं पोरी, सांगलीत आल्यासारखं वाटतंय!"

काकू फुटपाथवर उभ्या होत्या. पर्स गळ्यात तिरकी अडकवलेली. एरवीचा अंबाडा सोडून त्यांनी त्या दिवशी वेणी घातली होती. मला वाटलं, उन्हामुळे असेल. काका फेरी मारून यायचे, त्यांच्यासमोर स्कूटर हळू करायचे, एकदा बघायचे आणि पुन्हा पुढे निघून जायचे. असं किती वेळा झालं, मोजलं नाही. मला राहवलं नाही. म्हटलं, "काकू, सोडा ना आता राग. बिचारे किती आशेनं बघतात तुमच्याकडे."

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीच वेडी.

"राग? मला कसला राग? अगं, मी दुसऱ्या दिवशीच बसायला तयार होते. ह्यांनीच बसवलं नाही कधी."

"पण ते तर सांगतात..."

"अर्धंच सांगतात. मी काय पंपावर मुक्काम ठोकणार होते? एसटी धरली आणि माहेरी गेले. तोवर हे उलटे फिरले होते. पंपावर मी नाही. ह्यांना वाटलं, मी वाटेत कुठं तरी पडले. सांगली-मिरज रस्त्याचे खड्डे, चर, उसाची शेतं, सगळं हिंडले. दिवे लागले तेव्हा घरी आले. मला पाहिलं आणि उंबऱ्यातच बसले. सगळ्या आळीदेखत रडले गं. आठवड्यात स्कूटर विकून टाकली."

मी म्हटलं, मग इतकी वर्षं तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत? सगळे तुम्हालाच हट्टी समजतात.

"समजू देत. हसवून सांगतात, तेवढाच त्यांचा जीव हलका होतो."

मी त्यांच्या वेणीकडे पाहिलं. अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही, हे माझ्या आत्ता डोक्यात आलं. बाई सकाळपासून तयार होती.

काका पुन्हा येताना दिसले. या वेळी काकू फुटपाथवरून खाली उतरल्या आणि सरळ स्कूटरच्या समोर उभ्या राहिल्या. काकांनी डावा दाबला. आता तो उपयोगी पडला.

काकूंनी स्कूटरला अडकवलेलं दुसरं हेल्मेट घातलं, काकांच्या खांद्याला धरलं आणि मागे बसल्या. काका समोर बघत राहिले. मागे गाड्या तुंबल्या, हॉर्न वाजायला लागले.

"बसलीस?"

"बसले."

"नीट?"

"नीट बसले. चला आता, लोक शिव्या देताहेत."

निघाले. इतके हळू, की आशिष आणि मी शेजारून चालत होतो. आणि काकांचं आपलं तेच. जरा पुढे गेले की डावा दाबायचा, स्कूटर खाडकन थांबायची, काकूंचं हेल्मेट काकांच्या हेल्मेटवर टक्कन आपटायचं. पुन्हा निघायचे. पुन्हा टक्क. काकू हूं की चूं करत नव्हत्या. आशिषला बघवेना. तो वाकून म्हणाला, "काका, तो क्लच नाही हो. ब्रेक आहे. दाबू नका."

"माहीत आहे रे मला," काका समोर बघतच म्हणाले. "दाबला की हिचं डोकं लागतं. कळतं, आहे म्हणून."

मागचा बसवाला खिडकीतून हात बाहेर काढून काहीबाही ओरडत होता. काकांनी पुन्हा डावा दाबला.