सासूबाईंची साखर, दोन भाषांत

अनुवादक जावयाची एक खोड होती. अडलेला शब्द घरातल्या कुणाला तरी चिकटवून मोठ्यांदा म्हणून पाहिल्याशिवाय त्याला तो पटत नसे. त्या दिवशी मधुमेहावरचं पोर्तुगीज माहितीपत्रक इंग्रजीत उतरवताना गाडी अडली. पोर्तुगीज लोक म्हणतात 'देस्कोंपेन्सादा', म्हणजे तोल सुटलेला. इंग्रजीत 'अनकंट्रोल्ड' घ्यावा, तर तो गोळ्या घेऊनही साखर चढलेल्याला चालतो आणि गोळ्या न घेणाऱ्यालाही. 'अनट्रीटेड' घ्यावा, तर इमानेइतबारे गोळ्या गिळणाऱ्यांवर अन्याय. डोक्याचा पार भुगा झाल्यावर तो येरझाऱ्या घालत मराठीत म्हणाला, "सासूबाईंची साखर हाताबाहेर गेली आहे. सासूबाईंवर उपचारच झालेले नाहीत."

दाराबाहेर कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या सासूबाईंना वाटलं, जावई फोनवर डॉक्टरांशी बोलतोय. त्यांनी घड्या तिथंच टाकल्या, अंथरुणावर आडव्या झाल्या आणि लेकीला ऑफिसात फोन करून निरोपाचं बोलू लागल्या. लेक धापा टाकत घरी आली. हे सगळं उदाहरणादाखल होतं, असं नवऱ्यानं परोपरीनं सांगितलं.

"उदाहरणाला माझीच आई सापडली?"

"त्या वाक्यात बसत होत्या," तो चाचरत म्हणाला.

आईची समजूत काही पटेना, म्हणून तिघंही दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. साखर खरोखरच भलतीच चढली होती. गोळ्या चालू आहेत ना, असं त्यांनी विचारल्यावर सासूबाई पदराशी चाळा करत राहिल्या. बरं वाटायला लागल्यावर त्यांनी गोळ्या कधीच सोडल्या होत्या.

"म्हणजे अनट्रीटेड," जावयाच्या तोंडून निघून गेलं. बायकोनं डोळे वटारले. पण खरं सांगायचं तर तो मनातून चांगलाच घाबरला होता. म्हातारीवर त्याचा जीव होता.

घरी आल्यावर सासूबाईंनी गोळ्या हातात घेतल्या, पण तोंडात टाकेनात. "जावईबापू, डॉक्टरांच्या आधी तुम्हाला कळलं. आता साखर ताब्यात आली म्हणा, मग घेते."

"अजून आली नाही. खोटं कसं म्हणू?"

"मग येतेय म्हणा."

शब्दकोश न उघडता त्यानं येरझाऱ्या घातल्या आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "सासूबाईंची साखर ताब्यात येत आहे."

सासूबाईंनी एक गोळी गिळली आणि पाण्याचा पेला तसाच हातात धरून बसल्या.

"आता त्या दुसऱ्या भाषेतही म्हणा," त्या म्हणाल्या. "गोळ्या दोन आहेत."