धागेदोरे आणि साहेबांची करंगळी

"यंत्र बोलत नाही, पण माझ्यापासून काही लपवतही नाही," असं विभागप्रमुख स्वतःविषयी दिवसातून तीनदा सांगत. ओळखपत्रावर हुद्द्याखाली त्यांनी पेनानं 'गुप्तहेर (संगणक)' अशी भर घातली होती. ते वाचून सहायिकेनं गंभीरपणे मान डोलावली होती. नोकरी कायम व्हायची होती ना तिची!

होणार की नाही, ते आज चारला ठरणार होतं. तिचा प्रोग्राम एकाच वेळी शंभर कामं करी, प्रत्येक काम वेगळ्या धाग्यावर, म्हणजे थ्रेडवर. हे धागे सांभाळायच्या तीन पद्धतींतली कुठली बरी, ते ग्राहकाला चालवून दाखवायचं; तिचा कौल पहिलीला होता. आणि प्रोग्राम सकाळपासून मध्येच गोठत होता.

"धागेदोरे हाती लागलेत!" साहेब खुर्ची ओढून शेजारी बसले. "पहिल्या पद्धतीत प्रत्येक धाग्याची नोंद कर्नलकडे. कर्नल म्हणजे यंत्राचा वॉचमन. शंभर धागे, वॉचमन एकटा. दमला बिचारा!"

तिनं लायब्ररी, म्हणजे धागे सांभाळणारा तयार कोड, बदलली. दुसऱ्या पद्धतीत सगळे धागे एकाच पासावर आत घुसत. वॉचमनला एकच माणूस दिसे. साहेबांनी खूश होऊन कळफलकावर सवयीनं बोटं फिरवली. प्रोग्राम गोठला.

"पाहिलंस? एक अडला की मागचे सगळे अडले. घातपात!"

तिसरीत दोन्हींची सरमिसळ. तीही गोठली.

"तिन्ही लायब्रऱ्या सामील आहेत. टोळी आहे, टोळी!"

"साहेब, साडेतीन वाजले. आणि मी एकटी बसले की तिन्ही चालतात हो."

"म्हणजे संशय तुझ्यावरच येतो."

शेजारच्या टेबलावरून टायपिस्टबाई उठल्या. टर्मिनलच्या अशा काळ्या पडद्यांसमोर त्यांची वीस वर्षं गेली होती. त्यांनी कंट्रोल आणि क्यू दाबलं. तुंबलेल्या ओळी धो धो वाहू लागल्या.

"साहेब, तुम्हाला मिनिटामिनिटाला कंट्रोल-एस दाबायची सवय. पत्रात त्यानं मजकूर जतन होतो. या काळ्या पडद्यावर त्याचा अर्थ 'थांब'. तो आपला तुमचा हुकूम पाळतोय."

साहेबांनी करंगळी कळफलकावरून हळूच मागे घेतली. "हे आतल्याच माणसाचं काम, असं मला पहिल्यापासून वाटत होतं."

चारला ग्राहक आले. साहेबांची करंगळी कंट्रोलकडे सरकताच सहायिकेनं त्यांच्या एका हातात चहाचा कप दिला, दुसऱ्यात बशी. तिन्ही पद्धती शेवटपर्यंत धावल्या. ती म्हणत होती तीच, पहिली, पुढे निघाली. चहा गार झाला, तरी तिनं कप खाली ठेवू दिला नाही.

नोकरी कायम झाल्याचं पत्र साहेबांनी स्वतः टाइप केलं. तीन ओळी होत्या. अकरा वेळा जतन केल्या.