वाण्याची बढती

आमच्या शेजारचे सेतुमामा नवरात्रात एका वाण्याला बढती देतात.

वाणी मातीचा आहे. चेन्नईत नवरात्रात घरोघर गोलू मांडतात, म्हणजे पायऱ्यांवर पांढरं कापड अंथरून बाहुल्यांचा दरबारच भरवतात म्हणा. सगळ्यात वर देव, त्यांच्याखाली ऋषिमुनी, मग राजेराण्या, आणि तळाला तुम्ही-आम्ही. वाजंत्री, भाजीवाली आणि डाळ-तांदळाच्या ढिगांमागे बसलेला ढेरपोट्या वाणी. आमच्या अख्ख्या तांबरम उपनगरात वाणी तळालाच बसतो. मामांचा धंदा इडलीच्या पिठाचा, आणि त्यांचं एक दुकान वाढलं की वाणी एक पायरी वर! शेवटच्या दुकानाला तो ऋषींना ओलांडून थेट विष्णूच्या शेषनागाला टेकला. "आता देवाच्या मांडीवरच बसवा," मामांच्या पत्नी कमलामामी वैतागून म्हणाल्या. मामांनी खरंच मांडीचं माप घेतलं हो!

मामा तंजावरकडचे मराठी. त्यांचं मराठी ऐकलं की एखादी बखर लुंगी नेसून समोर बसली आहे असं वाटतं. मी अमरावतीची. नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आले आणि एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. माझं मराठी मामांना फार बाजारी वाटतं. तरी रोज सकाळी फिल्टर कॉफीचा पेला घेऊन ते माझ्याशीच भांडायला येतात, कारण आमच्या दोन घरांपलीकडे इमारतीत कुणाला मराठी येत नाही.

भांडणाचा विषय एकच. "मी आपलें आपण वर आलों. कोणी हात दिधला नाही. मीं मागितला नाही." मागणं हे दुबळ्यांचं काम, असा त्यांचा कायदा. लिफ्टसुद्धा वापरत नाहीत. "दोरीनें ओढून घेतलेला मनुष्य वर गेला, असें म्हणतात काय?" हे वाक्य ते तिसऱ्या मजल्यावर भिंतीला धरून, धापा टाकत बोलतात. एकदा चेन्नईजवळच्या कोवलमला लग्नाला निघाले. रस्ता विचारायचा नाही म्हणजे नाही, त्यामुळे पोचले महाबलीपुरमला. शेवटी मामींनी मागच्या काचेतून एका शहाळेवाल्याला हळूच विचारलं, तेव्हा वरात निदान जेवताना सापडली. मामा आजही म्हणतात, "गाडी मींच वळविलों."

वर्गात मी एका जर्मन तत्त्ववेत्त्याचा धडा शिकवते. बलवान आपली मूल्यं स्वतः घडवतात, आणि दुबळे त्यांच्यावर जळून दयामायेला सद्गुण ठरवतात, असं काहीसं त्याचं म्हणणं. हे मी एकदा मामांना सांगून बसले. कुठून बुद्धी झाली कुणास ठाऊक!

"मग मी कोण?" मामा गरजले. "जन्मलों तो काडी. शाळेंत वारा आला तर मास्तर मजला खिडकीपासून उठवीत. आतां पांच दुकानें. त्याच्या पुस्तकांत दुबळा बलवान होतो काय? वेटिंगचें तिकीट कन्फर्म होतें तसा?"

"मामा, तो तसा हिशेब करत नाही."

"त्याला विचार."

"तो मेलाय, मामा. कधीच."

"मग तोच दुबळा की!" असं म्हणून मामांनी माझ्याच घरात माझ्याच डब्यातली चकली विजयाने उचलली. मागितली नाही, हे वेगळं सांगायला नको.

पण मला एक गोष्ट ठाऊक होती. धंद्याच्या पहिल्या दिवसांत पिठाचा डबा कमरेवर घेऊन दारोदार गेल्या त्या कमलामामी. "आमचं पीठ एकदा घेऊन बघा ना," हे त्यांनी अख्ख्या गल्लीला विनवलं होतं, आणि हे त्या मला हसत हसत सांगायच्या. घरातलं सगळं मागणं त्यांच्याकडे होतं. मामा म्हणूनच इतके ताठ राहू शकले. बिचाऱ्यांना ते कळलं होतं की नाही, देव जाणे.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मामी वारल्या. तेव्हा वर्ष पाळायचं म्हणून गोलू झाला नाही. यंदा मात्र मामांनी एकट्याने पायऱ्या जोडल्या, बाहुल्या पुसल्या, पातेलंभर सुंडल केलं. सुंडल म्हणजे खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ, ती आल्या-गेल्याला देतात. मग इस्त्रीची वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, नेसून दाराकडे तोंड करून बसले. दार सताड उघडं, दिवे लखलखीत.

कुणी आलंच नाही.

पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. संध्याकाळी सुंडल वॉचमनकडे जायचं. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. त्यांच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहिले.

"पाहिलीस? माणुसकी उरली नाही," मामा म्हणाले.

"मामा, तुम्ही कुणाला बोलावलंत का?"

आता इथली रीत अशी की घरची बाई कुंकवाचा करंडा घेऊन दारोदार जाते, बायकांना कुंकू लावते, "आमच्याकडे या" म्हणते. त्याशिवाय कुणी जात नाही. त्यातून एकट्या पुरुषाचं घर. बायकांना वाटलं, बोलावणं नाही म्हणजे मामांच्या मनात नसेल.

"बोलाविणें म्हणजे मागणेंच," मामा पुटपुटले.

"मग मीही यायची नाही. मीसुद्धा बलवान आहे," मी म्हटलं आणि सरळ घरी आले. आले खरी, पण जेवण गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात मामा. हातात मामींचा चांदीचा करंडा, तोही दोन्ही हातांत, गरम पातेलं धरावं तसा. कपाळावर घाम.

"सुंडल जास्ती झालें," ते म्हणाले.

"बरं."

"मीठ बरोबर आहे."

"बरं, मामा."

त्यांनी पायाने माझं पायपुसणं सरळ केलं. मग म्हणाले, "तूं ये. कृपा करून ये."

अहो, काय सांगू, माझी सगळी मस्करी जागच्या जागी विरघळली! वीस वर्षं मी बळ शिकवते आहे, पण बळ लागतं म्हणजे काय ते मी त्या दारात पाहिलं. मी करंड्यात बोट बुडवून स्वतःच कुंकू लावलं. मामा तरी हलेनात.

"पुढच्या दाराला संगतीं येतेस? मजला सुरुवात करतां येत नाही."

मी चपला सरकवल्या. पुढच्या दारात एक नवी सून राहते, मामींना तिने कधी पाहिलंही नव्हतं. तिने दार उघडलं. मी मामांकडे पाहिलं आणि मुद्दाम गप्प राहिले. मामा तिच्याशी तमिळमध्ये बोलले, इतकं हळू की ती पुढे वाकली.

"पोरी, माझ्या कमलेच्या बाहुल्या मांडल्यात. चार दिवस मी एकटाच बघतोय. तू येशील का बघायला?"