करकोच्याचं नाणं

"बाळ काय, रडून तरी सांगेल. तू ह्यांच्यावर लक्ष ठेव," बहिणीकडे जाताना सासूबाई म्हणाल्या होत्या. मी हसून सोडून दिलं. दीड वर्षाचा भोंगा (हे नाव त्याने आवाजाच्या जोरावर कमावलंय) घरात असताना सत्तरीच्या माणसावर कोण पहारा देणार?

सासरे निवृत्त शिंपी. चाळीस वर्षं ओठांत टाचण्या धरून त्यांनी लोकांच्या अंगावर कपडे बेतले. आता नाद राष्ट्रीय उद्यानांच्या नाण्यांचा. टाकसाळ दर वर्षी चार उद्यानांची नाणी काढते आणि ती रोजच्या व्यवहारात फिरतात. विकत आणायची नाहीत, सुट्ट्यात मिळाली तरच वहीत लावायची, हा सासऱ्यांनी स्वतःला घातलेला कायदा. त्यापायी आमच्याकडे साबण एका दुकानातून येतो नि काडेपेटी दुसऱ्यातून. परवा शेवटचं नाणं मिळालं, दलदलीच्या उद्यानाचं. त्यावर एका पायावर उभा करकोचा.

काल दुपारी ते टेबलाशी वही घेऊन बसले होते. मी स्वयंपाकघरातून विचारलं, "बाबा, चहा ठेवू?"

"हो," उत्तर आलं. मग एक उचकी.

चहा घेऊन गेले, तर वहीतला शेवटचा खण रिकामा आणि टेबलाखाली भोंगा तोंड हलवत बसलेला.

"बाबा, नाणं कुठंय?"

"असेल इथंच."

भोंग्याच्या तोंडात बोट घातलं. बिस्कीट निघालं. पण बिस्किटाच्या आधी काय गेलं असेल?

"त्याने नाही गिळलं," सासरे म्हणाले.

"तुम्ही बघत होतात?"

"तसं नाही. पण नाही गिळलं."

नवऱ्याला फोन केला. "आधी कपाटाखाली बघ," तो म्हणाला. कपाट सरकवलं. माझं दोन वर्षांपूर्वी हरवलेलं कानातलं सापडलं, नाणं नाही. मग हॉस्पिटलसाठी सरळ टॅक्सी गाठली.

"एक्स-रे फोटोची गरज नाही," सासरे टॅक्सीत तिसऱ्यांदा म्हणाले.

"बाबा, तुम्हाला काळजी नाण्याची आहे की नातवाची?" मी फटकन बोलून गेले. त्यांनी भोंग्याला उचलून आपल्या मांडीवर घेतलं.

एक्स-रेच्या गार टेबलावर भोंग्याला झोपवलं आणि त्याने नाव सार्थ केलं. मी हात धरले, नर्सने पाय. तेवढ्यात दार उघडून सासरे आत आले. शर्टाची बटणं काढत होते.

"उतरवा त्याला. मी झोपतो."

"आजोबा, पेशंट हा आहे," तंत्रज्ञ म्हणाला.

"नाणं माझ्याकडे आहे."

"मग द्या की यांना."

"तसं देता येत नाही."

फोटोत नाणं सासऱ्यांच्या पोटात गोल, ठसठशीत दिसलं. दोन-तीन दिवसांत आपोआप येईल, डॉक्टर म्हणाल्या. सासऱ्यांनी फोटो उजेडाकडे धरला. "यात करकोचा नाही दिसत?"

"आधी का नाही सांगितलंत, बाबा?"

"खण पुसायला दोन्ही हात लागत होते, म्हणून ओठांत धरलं. चाळीस वर्षांत एक टाचणी गिळली नाही मी. सुनेला काय तोंड दाखवणार?" मग हळूच म्हणाले, "आणि तू चहा विचारलास. न बोलता कसं राहायचं?"

मी त्यांच्या शर्टाची बटणं लावून दिली. एक चुकीच्या काजात गेलं. शिंपी असून ते काही बोलले नाहीत.

तुमच्याही घरात सगळा गोंधळ चालू असताना एखादं वडीलधारं माणूस गप्प बसलं असेल, तर जरा उठून बघून या. आधी ओठांकडे बघा. मग विचारा.