घाटावरचा सिमेंटचा पाय

आमच्या ह्यांच्या वागण्याला मी आता अगदी विटले आहे. हा माणूस काही मुका नाही. शेजारच्या कोंबडीनं अंडं कुठे घातलं, यावर पाऊण तास बोलेल. पण पायाचा विषय निघाला रे निघाला की हात पानाच्या डब्याकडे जातो. तोंडात विडा, गाल फुगलेला, डोळे नदीकडे. मग गावाला उत्तरं द्यायला मी आहेच.

ओणम होऊन आठ दिवस झाले असतील. ग्रंथालयाचे सेक्रेटरी सुगुणन मास्तर सकाळीच घाम पुसत अंगणात आले.

"कार्त्यायनीअम्मा, उदयवर्मन सर येताहेत! त्यांचा तीनशेवा सिनेमा झाला. सत्कार आपल्या गावात!"

"येऊ दे की. रस्ता सरकारी आहे."

"आणि घाटावर पुतळा बसवतोय."

"त्याचा?"

"पायाचा," मास्तर म्हणाले.

यात हसण्यासारखं काही नाही. उदयवर्मन आज कलेक्टर होतो, चोर होतो, राजा होतो, बिशपसुद्धा होतो. पण त्याचा पहिला सिनेमा आमच्या घाटावर झाला, एक्केचाळीस वर्षांपूर्वी. त्यात तो नावाडी होता. होडीतून चिखलात उतरायचं, टाचेनं मुंडूचा, म्हणजे आमच्याकडच्या पांढऱ्या लुंगीचा, काठ मागून वर उडवायचा, हातानं तो हवेतच झेलायचा, दुमडून कमरेला खोचायचा आणि चालू लागायचं. बस, एवढंच. पण पोस्टरवर छापला तो नुसता पाय. पोटरीपर्यंत चिखल आणि उडालेला मुंडू. त्या पायावर उदयवर्मन मोठा झाला. कासरगोडपासून पारश्शालेपर्यंत, केरळच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, जो तो तरुण तसा मुंडू उडवायला लागला आणि निम्मे गटारात पडले. सिनेमाची रिळं मद्रासच्या कुठल्याशा गोदामात सडून गेली. उरलं ते पोस्टर.

"पाटीवर लिहिणार आहोत," मास्तर म्हणाले, "उदयवर्मन यांचा अजरामर पाय."

"खोडा ते. तो पाय त्याचा नाही. आमच्या ह्यांचा आहे."

हे काही मी पहिल्यांदा सांगत नव्हते. गावातल्या निम्म्या लोकांना ते पटलं होतं आणि उरलेले मला घाबरून असायचे. हे तेव्हा घाटावर होडी चालवायचे. सिनेमावाल्यांच्या हिरोला मुंडू उडवता येईना, म्हणून ह्यांचा पाय घेतला, असं मी सगळ्यांना सांगितलेलं.

"वेलायुधन चेट्टा, तुम्हीच सांगा," मास्तर ह्यांच्याकडे वळले. आमच्याकडे थोरल्याला चेट्टा, म्हणजे दादा, म्हणतात.

ह्यांनी विडा या गालातून त्या गालात ढकलला आणि नदीकडे पाहिलं.

कुंपणापलीकडून आवाज आला. माझी नणंद कमलाक्षी. तिचे कान कुंपणावरच वाळत घातलेले असतात.

"वहिनी, माझ्या दादाचा पाय मी जन्मापासून बघतेय. बदकाचा पाय आहे तो. पोस्टरवरचा बघ, कसा खांबासारखा!"

"लग्नानंतर भरला," मी म्हटलं. "माझ्या हातचं जेवून."

आमच्याकडे दोन माणसं भांडली की तिसरा समिती नेमतो. त्याच दिवशी दुपारी ग्रंथालयात समिती बसली. अध्यक्ष मास्तर. टेबलावर पोस्टर पसरलेलं आणि बाजूला मूर्तिकार, मोजपट्टी घेऊन. एवढ्यात पलीकडच्या तीरावरचा बीरान आला. सत्तरीचा, काडीसारखा माणूस. त्या काळी त्या बाजूची होडी तो चालवायचा.

"मास्तर, पाय आमच्याकडचा आहे," बीरान बसता बसता म्हणाला.

"कशावरून?"

"मुंडू बघा. खोच कुठे आहे?"

सगळे पोस्टरवर वाकले. खोच डावीकडे होती.

आता आमच्याकडे हिंदू आणि ख्रिस्ती मुंडू उजवीकडे खोचतात आणि मुसलमान डावीकडे. हे कुणी शिकवत नाही आणि कुणी चुकत नाही. एक्केचाळीस वर्षं पोस्टर गावात आहे, चहाच्या टपरीत आहे, न्हाव्याकडे आहे, पण खोचेकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. माझंही नाही.

"म्हणजे तो पाय तुझा?" मास्तरांनी विचारलं.

"मला तसं काही आठवत नाही," बीरान प्रामाणिकपणे म्हणाला. "पण खोच डावीकडे, म्हणजे आमच्यापैकी कुणाचा तरी. आणि त्या दिवशी घाटावर आमच्यापैकी मी एकटाच होतो. मग दुसरा कुणाचा असणार?"

"बीरानभाई, तुमच्या पायाला पोटरीच नाही," कमलाक्षी म्हणाली.

"तेव्हा होती."

आता मूर्तिकारानं मोजपट्टी खाली ठेवली. तो म्हणाला, "मी काम सुरू केलंय म्हणून सांगतो. पाय डावा आहे, आणि पोटरीवर जुन्या जखमेची खूण आहे. अर्ध्या चंद्रासारखी. चिखलातूनही दिसते. मी ती तशीच घेतलीय. ज्याच्या पायावर ती असेल, त्याचा पाय."

समितीनं दोघांना बाकावर उभं केलं. दोघांनी मुंडू गुडघ्यापर्यंत वर घेतले. मास्तरांनी चष्मा लावून चार पोटऱ्या तपासल्या. चंद्र कुठेच नव्हता.

"भरली असेल जखम," बीरान म्हणाला.

"ह्यांचीही भरली," मी म्हटलं.

"दादाला जखम झाली कधी?" कमलाक्षी म्हणाली.

"लग्नानंतर."

"कशानं?"

"माझ्यामुळे."

मास्तरांनी घाईनं चष्मा खिशात ठेवला. हे बाकावर उभ्या उभ्या माझ्याकडे पाहत होते, गाल फुगवून. त्या नजरेत काय होतं ते मला पुरतं ठाऊक होतं. मी मान फिरवली.

घरी आले, स्वयंपाकघराचं दार लावलं आणि नेसण वर करून माझी डावी पोटरी पाहिली. नऊ वर्षांची असताना नारळाच्या खवणीवर पडले होते. चंद्र जागेवर होता.

आता तुमच्यापासून काय लपवायचं! तेव्हा लग्नाला चार महिने झाले होते. ह्यांच्यासाठी पेज घेऊन मी घाटावर गेले. उदयवर्मन शहरातला, जन्मभर पँट घातलेला. मुंडू उडवता उडवता सतरा वेळा चुकला. दिग्दर्शक डोक्याला हात लावून बसलेला, सूर्य बुडायला आलेला. मग त्यानं ह्यांना पुढे केलं. कॅमेरा समोर दिसताच हे बावचळले. टाच मारली ती अशी, की मुंडू वर गेला तो खाली आलाच नाही. हे थेट नदीत उडी मारून गळ्यापर्यंत पाण्यात. नुसतं डोकं दिसत होतं.

मला पेज गार होण्याचा राग आला. "एवढं काय त्यात!" म्हटलं, आणि करून दाखवलं. तेव्हा आम्ही बायकाही मुंडूच नेसायचो, चिखल तुडवताना तो वर खोचावाच लागायचा. मी डावरी. डाव्या हातानं वाढते म्हणून सासूच्या पळीचे फटके खाल्लेली. म्हणून टाच डावी, हात डावा, खोच डावीकडे. कॅमेरा चालूच आहे हे मला काय माहीत! दिग्दर्शकानं हातच जोडले.

दोन महिन्यांनी पोस्टर लागलं. सासूबाई देवळातून आल्या त्या पोस्टर पाहूनच. म्हणाल्या, "पुरुषाचा पाय असावा तर असा!" यावर मी काय बोलणार? नवी सून. तिचा पाय सगळ्या केरळच्या भिंतींवर. बोलले, "तुमच्या मुलाचाच आहे, अम्मा." त्या माउलीला एवढा आनंद झाला की मरेपर्यंत ती मुलाला दोन वाट्या भात जास्त वाढत होती. आणि ह्यांना मी देवाच्या दिव्यासमोर शपथ घातली, की पायाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. शपथ मीच घातली हे खरं. पण माणसानं ती इतकी पाळावी? एकदा "हो" म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

बघे आणि बीरान त्या संध्याकाळी आधीच कंटाळून घरी गेले होते. पुढे दिग्दर्शक वारला, कॅमेरावाला वारला. खरं ठाऊक असलेले उरले तिघं. हे, मी आणि उदयवर्मन.

समितीनं शेवटी ठरवलं की पाटीवर नाव लिहायचंच नाही, जागा कोरी ठेवायची. पाय कुणाचा ते उदयवर्मन स्वतः व्यासपीठावरून सांगेल. मास्तरांना वाटलं आपण फार शहाणपणाचं काम केलं. माझी मात्र झोप उडाली. तो "माझा" म्हणाला तर मी खोटी. "बीरानचा" म्हणाला तर मी खोटी. आणि खरं बोलला तर? कमलाक्षीसमोर मी एक्केचाळीस वर्षांची खोटी, आणि वर घाटावर माझा सात फुटी पाय, चंद्रासकट, डोक्यावर कावळे!

त्यात मेला एक वेगळाच घोटाळा. जो येईल तो त्या पायाची तारीफ करायचा. काय ऐट, काय डौल! मास्तर तर म्हणाले, "अम्मा, असा पाय शतकातून एकदा होतो." मी "ह्यांना सांगते" म्हटलं, आणि पेजेत दोनदा मीठ घातलं.

कार्यक्रम शाळेच्या पटांगणावर. तालुका लोटलेला. पहिल्या रांगेत मी, हे, कमलाक्षी आणि बीरान. व्यासपीठावर कापडाखाली झाकलेला पाय, नंतर घाटावर न्यायचा. उदयवर्मन आला. केस पांढरे, चाल जपून. पायऱ्या चढताना त्याचा मुंडू जरा ओढला गेला आणि 'चर्र' आवाज झाला. वेल्क्रोच्या चिकटपट्टीचा मुंडू! ज्याच्या मुंडूच्या नादानं अख्खा केरळ गटारात पडला, तो चिकटपट्टी लावून फिरतो.

कापड निघालं, टाळ्या झाल्या. मास्तरांनी माइक त्याच्या हाती दिला. "सर, गावात थोडा गोंधळ आहे. हा पाय नक्की कुणाचा?"

उदयवर्मन त्या पायाजवळ गेला. पोटरीवरच्या चंद्रावरून त्यानं बोट फिरवलं.

"तीनशे सिनेमे केले," तो म्हणाला. "बक्षिसं घेतली, शाली घेतल्या. पण मला ज्यानं उभं केलं, तो पाय माझा नव्हता."

 कमलाक्षीनं माझा दंड धरला. बीराननं टोपी नीट केली.

"सतरा वेळा मी चुकलो. मग याच गावातल्या एकानं... आज ते माणूस इथे असेल, तर..."

तो रांगेवर नजर फिरवत आला. बीरानवरून गेला. ह्यांच्यावरून गेला. माझ्यावर थांबला. मी पदर सावरायला हात वर केला, डावा. तो हसला. त्याला ओळख पटली होती. त्यानं तोंड उघडलं.

आणि माझ्या शेजारी 'गटक्' असा आवाज झाला. ह्यांनी विडा अख्खा गिळला होता.

"माझा!" हे उभे राहून ओरडले. "पाय माझा आहे! वेलायुधनचा!"

एक्केचाळीस वर्षांत पायाबद्दल काढलेला पहिला शब्द. टाळ्यांचा कडकडाट झाला. कमलाक्षी "माझा दादा!" म्हणून रडायला लागली. बीरान उठून ह्यांच्या गळ्यात पडला, म्हणाला, "तुझा तर तुझा, पण खोच आमची."

उदयवर्मननं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली ते मलाही नीट सांगता येणार नाही.

"हो," तो सावकाश म्हणाला. "हेही त्या दिवशी घाटावर होते."

इथं थांबलं असतं तर सगळं सुखाचं होतं. पण मास्तरांना कुठे थांबायचं ते कळतं थोडंच? "वेलायुधन चेट्टा, एकदा करून दाखवा!"

लोक ओरडायला लागले, "एकदा! एकदा!" हे व्यासपीठावर चढले. माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी सांगितलं, नको. त्यांना वाटलं, कर. टाच मारली. तीही उजवी!

मुंडू गेला. त्या दिवशी गेला होता तसाच वर गेला आणि सिमेंटच्या पायाच्या टाचेत जाऊन अडकला. हे पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत उभे. उडी मारायला नदी नाही.

 तेवढ्यात उदयवर्मननं खांद्यावरची सत्काराची शाल काढली आणि ह्यांच्या कमरेला गुंडाळली.

"सतरा वेळा माझंही असंच झालं होतं," तो माइकवर म्हणाला. "पाय मोठा असतो, त्याला काय रोज जमतं?"

लोक इतके हसले, इतक्या टाळ्या वाजल्या की कुणाला पुढे काही विचारायचं सुचलंच नाही.

जाताना तो आमच्या रांगेशी थांबला. माझ्याहून चांगला सात वर्षांनी मोठा माणूस, गुडघा दुखत असताना वाकला आणि माझ्या पायाला हात लावला. लोक म्हणाले, "काय हा विनय!"

"वहिनी," कमलाक्षी गाडी गेलेल्या दिशेनं पाहत म्हणाली, "पण एकाच पायाला का गं? तोही डाव्याच?"

"कंबर धरली असेल त्याची," मी म्हटलं.

संध्याकाळी पाय घाटावर बसला आणि पाटी लागली. 'वेलायुधन यांचा अजरामर पाय.' हे घरी आले तेव्हा कमरेला तीच शाल होती, आणि अंगणातून चालण्यात एक ऐट होती. ती आधी कधी नव्हती. ओसरीवर बसले. हात पानाच्या डब्याकडे गेला.

मी डबा उचलून बाजूला ठेवला. पेजेचं ताट पुढ्यात सरकवलं, डाव्या हातानं.

"अहो," मी म्हटलं, "इतकी वर्षं तुम्ही तोंड उघडत नव्हतात म्हणून मी बोलत होते. आज तोंड उघडलंत, तर मुंडू सुटला. यापुढे दोन्ही घट्ट बांधून ठेवा. पायाचं काय ते मी बघते."