किटलीभर गरम पाणी

पाण्याबद्दल मला कुणी शिकवायला येऊ नये! स्वीडनच्या पार उत्तरेला, जिथे डिसेंबरात सूर्य लाजऱ्या पाहुण्यासारखा दारातूनच परत जातो, तिथल्या एका छोट्या गावाच्या नळांना मी पाणी पुरवतो. पाणी कुठे रुसतं, कुठे गोठतं, कुठे पाइप फोडून पळतं, सगळं मला तोंडपाठ आहे. आणि तरीही, ज्या सकाळी माझी नोकरी कायम व्हायची होती, त्याच सकाळी किटलीभर पाण्यानं मला आडवा पाडला! अगदी उताणा!

पण गोष्ट सुरू होते अमाऱ्यात, तिग्रिस नदीच्या काठी, आमच्या उंबऱ्यावर.

आमच्या इराकात माणूस गावाला निघाला की त्याच्या पाठीमागे पाणी ओततात. वाहतं पाणी वाट चुकत नाही, तसा आपला माणूसही चुकू नये, फिरून घरी यावा, म्हणून. या कामात माझ्या आईचा हात धरणारं अख्ख्या गल्लीत कुणी नव्हतं. तांब्या उपडा करताना ती गुणगुणायची,

जा रे राजा दूर दूर, पाणी दाखवील वाट,
उंबऱ्याला ठाऊक आहे तुझ्या पावलांची गाठ.

शाळेच्या पहिल्या दिवशी तिनं तांब्याभर ओतलं. मी चार मिनिटांत परत! दप्तर विसरलो होतो.

"बघितलंत? पाण्याचा गुण!" आई शेजारणींना म्हणाली.

बारावीच्या परीक्षेला तिनं दोन तांबे ओतले. मी अर्ध्या वाटेवरून परत, ओळखपत्र घरी! इंजिनियरिंगला बसऱ्याला निघालो तेव्हा मात्र तिनं बादलीच उचलली. गावाबाहेर बसचं इंजिन बसलं आणि बस ढकलत ढकलत परत अमाऱ्यात आली. एकट्या मला बोलवायला तिनं चाळीस प्रवासी परत आणले! ड्रायव्हरनं घाम पुसत, आईला तिकडच्या रीतीनं माझ्या नावानं 'मुहन्नदची आई' अशी हाक मारत हात जोडले. "उम्म मुहन्नद, माझे आई, पुढच्या खेपेला जरा कमी ओत. लोकांना पोहोचायचं असतं!"

म्हणून मी स्वीडनला निघालो तेव्हा मामांनी तिला आधीच गाठलं. "हे बघ ताई, ही बस नव्हे, विमान आहे. ते आकाशातून ढकलत आणता येत नाही!" आई घाबरली. तिनं चहाचा इवलासा पेला घेतला आणि त्यातलं घोटभर पाणी माझ्या पाठीमागे सांडलं.

मी सहा वर्षं परत गेलो नाही.

आधी भाषा शिकलो, मग शिकलेलंच पुन्हा शिकलो, मग भांडी घासली, मग ही तात्पुरती नोकरी. दर शुक्रवारी फोनवर आई तेच म्हणायची, "तुझा दोष नाही रे बाळा. मीच हात आखडता घेतला."

शेवटी जानेवारीत मीच तिला तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं, आणि नेमकी त्याच महिन्यात मुलाखत आली. माझा करार महिनाअखेर संपत होता. नोकरी कायम झाली तर राहायचं, नाही तर सामान बांधायचं. मुलाखत घेणार होत्या आमच्या विभागप्रमुख गुनवोरबाई. राहायच्या आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर. इमारत टेकडीवर, कचेरी उताराच्या पायथ्याशी. हा भूगोल लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल!

"आई, आज पाणी नको हं," बूट चढवत मी बजावलं. "बाहेर उणे बावीस आहे."

"बरं."

आईचं 'बरं' अमाऱ्यातल्या विजेसारखं. आलं म्हणून विसंबायचं नसतं! पण मी घाईत होतो. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि आठवलं. प्रमाणपत्रांची फाइल घरीच! वळलो, धावत सुटलो. दारात आई उभी, हातात वाफाळती किटली.

"आई! नको म्हणालो होतो ना?"

"अरे, थंडी आहे म्हणून गरम ओतलं! आणि आलास की नाही परत?"

पुढचं मला ऐकू आलं नाही. कारण ते गरम पाणी अंगणभर पसरून एव्हाना आरसा झालं होतं, आणि त्या आरशावर माझे दोन्ही पाय एकदम आभाळाकडे बघायला निघाले होते. मी पाठीवर सुसाट घसरत फाटकाकडे! फाटकात गुनवोरबाई त्यांची बर्फावरची ढकलगाडी घेऊन निघालेल्या. पुढे बसायची खुर्ची, खाली दोन लांब पट्ट्या, मागे उभं राहून पायानं रेटायचं, अशी ती गाडी. मी पट्ट्यांना धडकलो, आणि उठायला म्हणून जे धरलं ती खुर्ची. कसा कोण जाणे, पण मी तिच्यात बसलो! धक्क्यानं गाडी सुटली. बाई मागच्या मागे दांडा धरून लटकल्या आणि आम्ही दोघं उतारानं खाली!

"ब्रेक लावा, बाई!"

"याला ब्रेक नसतो! आणि मला नुसतं गुनवोर म्हण, किती वेळा सांगायचं!"

कचेरीच्या खिडकीत मुलाखत मंडळाचे उरलेले दोघं कॉफी पीत उभे होते. उमेदवार खुर्चीत विराजमान आणि विभागप्रमुख मागून ढकलतायत, अशी माझी वरात त्यांनी डोळे भरून पाहिली.

मुलाखतीला आम्ही अगदी वेळेवर पोहोचलो. बाईंच्या टोपीतून बर्फ ठिबकत होता.

"मुलाखत नंतर," त्या म्हणाल्या. "काल माझं अंगण कोरडं होतं, आज त्याचा आरसा झालाय. मुख्य पाइप फुटला असणार! आधी यंत्र मागवून अंगण खणायला हवं." त्यांनी तातडीच्या गळतीचा नंबर फिरवला.

माझ्या खिशात फोन वाजला.

त्या आठवड्यात तातडीच्या गळतीवर मीच होतो!

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी फोन उचलला. दुसरं काय करणार? "हॅलो," मी म्हणालो.

"हॅलो," समोरून बाई म्हणाल्या. "गळती कुठे आहे?"

खोटं बोलावं तर गोठलेलं अंगण खणून निघणार, आणि मातीत पाइप धडधाकट सापडणार. खरं बोलावं तर माझ्या आईनं विभागप्रमुखांना टेकडीवरून सोडलं, हे कबूल करायचं. सहा वर्षांची भांडी, भाषा, परीक्षा, सगळं त्या एका फोनच्या तारेवर लटकलं होतं.

"गळती पाइपात नाही," मी हळूच म्हणालो. "माझ्या आईत आहे."

तेवढ्यात दार उघडलं. काळ्या पायघोळ अबायाखाली माझे रबरी बूट, काखेत माझी फाइल, हातात खजुराच्या बिस्किटांचा डबा, अशी साक्षात गळतीच आत आली!

"अगं बाई, ओली झालीस की!" आई गुनवोरबाईंना आमच्या भाषेत म्हणाली आणि आपल्या शालीनं त्यांचे केस पुसू लागली. विभागप्रमुखांचे केस! मग एकेकाच्या हातात बिस्किट ठेवलं. तोंडं गोड होईपर्यंत मी सगळं सांगून टाकलं. उंबरा, तांब्या, बस, ड्रायव्हर, घोटभर पाणी, सहा वर्षं.

तिघांनी दुसरं बिस्किट उचललं.

"म्हणजे," मंडळातला पिकल्या मिशीचा माणूस म्हणाला, "ही बाई पाणी ओतते, आणि तू परत येतोस?"

"दर वेळी."

"चुकून कधी आला नाहीस, असं...?"

"ओतणं कमी पडलं तरच."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. गुनवोरबाईंनी घसा साफ केला. "मागचे चार इंजिनियर सुट्टीसाठी म्हणून दक्षिणेला गेले. एकही परत आला नाही! विचार तुझ्या आईला, आमच्या वतीनं दर सुट्टीला ओतेल का?"

मी विचारलं. आईनं बाईंचा हात हातात घेतला. "तिला म्हणावं, बादलीभर ओतेन. पण माझी एक अट. हिवाळ्यात मी इथे येऊन ओतेन, तसंच उन्हाळ्यात अमाऱ्यातही ओतेन; तेव्हा त्याला तिथेही यायला सुट्टी द्यायला हवी."

दोन्ही बाजूंनी करार मंजूर झाला. बाईंनी खाली एक कलम वाढवलं, पाणी ओतणाऱ्यानं त्यावर लगेच वाळूही टाकावी.

मार्चच्या शेवटी आई परत निघाली. आता मी पाण्याचा कायमस्वरूपी इंजिनियर, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही! तरी तिचं मन मोडायचं कशाला, म्हणून टॅक्सी सुटल्यावर मी पाठीमागे थोडंसं ओतलं. एक बादली. फार तर दीड.

सहा मिनिटांत टॅक्सी परत! आई दार उघडून, माझ्या वाळूवरून तुरुतुरु चालत आली.

"चष्मा विसरला रे," असं म्हणून तिनं मला घट्ट मिठी मारली.

चष्मा तिच्या नाकावरच होता. माझ्या गालाला टोचला.